‘माझं प्रमाण मला माहीत आहे’: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं मद्यपान



आजचा विषय या व्याख्यानमालेत कुठून आला, असं काहींना वाटेल. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं दारू घ्यावी का, हा प्रश्न वैद्यकाचा. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, औषधाची चिठ्ठी लिहून देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण या प्रश्नाचं जे उत्तर बरेच लोक मनातल्या मनात देऊन टाकतात, ते आमच्या विषयाच्या हद्दीत येतं. ते उत्तर असं: ‘घेईन थोडी, माझं प्रमाण मला माहीत आहे.’

आता हा ‘प्रमाण’ शब्द बघा. रोजच्या बोलण्यात प्रमाण म्हणजे मात्रा, किती ते. आपल्या दर्शनांत प्रमाण म्हणजे खऱ्या ज्ञानाचं साधन. आज आपण एवढंच पाहणार आहोत, की या शस्त्रक्रियेनंतर माणसाला माहीत असलेली मात्रा ज्ञान म्हणून का टिकत नाही.

आधी पोटात काय बदलतं ते समजून घेऊ. आपल्याकडे वाशी-बेलापूरच्या रुग्णालयांतही आता या शस्त्रक्रिया होतात. त्यांचे दोन प्रकार मुख्य. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा साधारण पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलीची छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. 30 मिली म्हणजे किती? बारमधला एक स्मॉल पेग.

साबूत जठर दारूच्या बाबतीत दोन कामं करतं. एक, ते तिला काही काळ अडवून ठेवतं आणि हळूहळू पुढे सोडतं. दुसरं, जठराच्या अस्तरात अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं विकर असतं, ते थोडी दारू तिथल्या तिथेच मोडतं. दारू रक्तात शोषली जाते ती मुख्यतः लहान आतड्यातून. आता दारातला पहारेकरीच गेला, तर आत शिरणारा किती वेगानं शिरेल? अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. बायपास झालेल्या स्त्रियांना आणि शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना सारखीच दारू दिली, साधारण दोन ड्रिंक. बायपास झालेल्यांच्या रक्तातली दारूची पातळी लवकर चढली आणि जवळजवळ दुप्पट उंचीवर गेली. म्हणजे दोन ड्रिंक घेतले, पण शरीराला ते चारासारखे लागले. स्लीव्हनंतरही असंच घडू शकतं.

आता नैयायिकांकडे येऊ. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे अनुमान शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे. उलटं केलं तर? ‘जिथे अग्नी तिथे धूर.’ हे चुकतं. लोखंडाचा लालबुंद गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो इंधन ओलं असेल तेव्हाच. ही जी आड लपलेली अट, तिला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी सापडली की अनुमान कोसळलं.

‘दोन पेगनं मला काही होत नाही’ हे असंच एक अनुमान आहे. वीस वर्षांच्या अनुभवानं ते पक्कं झालेलं असतं, आणि त्या वीस वर्षांत ते खोटं नव्हतंही. पण त्याच्याआड एक उपाधी होती: जुनं, अखंड जठर. शस्त्रक्रियेत नेमकी ती उपाधीच काढून टाकली. त्यामुळे ज्याला पूर्वीचा अनुभव दांडगा, त्याचीच फसगत होण्याचा संभव अधिक. कधीच न प्यायलेला माणूस निदान बिचकतो तरी.

इथे थोडं गणितही करून ठेवू. आपल्याकडची व्हिस्की साधारण 42.8 टक्के तीव्रतेची असते. 60 मिलीच्या लार्ज पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. अमेरिकी मापात एक ड्रिंक म्हणजे 14 ग्रॅम, म्हणजे आपला पेग त्यांच्या ड्रिंकच्या जवळजवळ दीडपट. ‘मी फक्त बियर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी: 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या 650 मिलीच्या बाटलीत 40 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे दोन लार्ज पेगांइतकं.

आणखी एक गोष्ट काळाची आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेतल्या 10 रुग्णालयांतल्या 1,945 रुग्णांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मद्यपानाचा विकार शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात 7.6 टक्के लोकांत होता, पहिल्या वर्षानंतर 7.3 टक्के, आणि दुसऱ्या वर्षानंतर 9.6 टक्के. पुढे 2017 मध्ये आलेल्या निष्कर्षांत, ज्यांना आधीच्या वर्षात असा त्रास नव्हता अशा बायपास झालेल्यांपैकी 20.8 टक्के लोकांत पाच वर्षांच्या आत त्याची लक्षणं दिसली. म्हणजे पाचातले चार सुखरूप राहिले, हेही लक्षात ठेवू. आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्या समाजाला जसेच्या तसे चिकटवू नयेत. पण जठराचं काम तिथे आणि नेरूळमध्ये एकच.

पहिल्या वर्षी सगळे डोळ्यांत तेल घालून असतात. घरचे वाटीनं मोजून वाढतात, डॉक्टरांकडे फेऱ्या होतात. दुसऱ्या वर्षी वजन उतरलेलं, कपडे नवे, लोक कौतुक करतात. फेऱ्या कमी होतात आणि पार्ट्या वाढतात. धोका डोकं वर काढतो तो याच सुमारास. ‘खाण्याची सवय सुटली म्हणून पिण्याची लागली’ असं एक सोपं स्पष्टीकरण लोक देतात. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण तेवढ्यावर सगळा दोष मनाच्या दुबळेपणावर जातो, आणि शरीरच बदललं आहे हे बाजूला राहतं. त्याच 2012 च्या अभ्यासात जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींत धूम्रपान, आधीपासूनचं नियमित पिणं यांच्या जोडीला ‘आपण कुणाचे तरी आहोत’ ही भावना कमी असणं, हेही होतं. ही ओळ वैद्यकाच्या नियतकालिकात छापली गेली आहे, मंडळी.

ॲरिस्टॉटलनं मध्यममार्ग सांगताना मिलो नावाच्या मल्लाचं उदाहरण दिलं आहे. जेवढं अन्न मिलोला अपुरं, तेवढंच नवशिक्याला जास्त. मध्य ठरवायचा तो माणूस पाहून. आपण त्यात एवढीच भर घालू, की तोच माणूस शस्त्रक्रियेनंतर दुसरा होतो. कायदा हे बघत नाही, बघूही शकत नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात पिण्याचा जो परवाना मिळतो, त्यात हेतू लिहिलेला असतो आरोग्य राखण्याचा! त्यात तुमच्या जठराची चौकशी नसते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, सर्वांना सारखी. जुन्या हिशेबानं एकच पेग घेऊन पाम बीच रोडला गाडी काढणारा ती ओलांडून बसलेला असू शकतो, आणि त्याला पत्ताही नसतो.

मग करायचं काय? अनेक डॉक्टर निदान सहा महिने ते वर्षभर पूर्ण वर्ज्य करायला सांगतात. ज्यांचं आधीच पिणं जास्त होतं, त्यांना कायमचं सोडायला सांगतात. पुढेही घ्यायचीच असेल तर आपल्या सर्जनशी उघड बोलावं, उपाशीपोटी घेऊ नये, एकट्यानं घेऊ नये, आणि घेतल्यावर गाडीला हात लावू नये. मधुमेहाची औषधं चालू असतील तर विशेष जपावं, कारण साखर एकदम उतरू शकते आणि तिची लक्षणं नशेसारखीच दिसतात. या शस्त्रक्रियेनंतर ब-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी पडू शकतं. दारू ते आणखी कमी करते, आणि त्याचा घाला थेट मेंदूवर पडतो. रोज पिण्याची सवय लागलीच असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे. पुण्यात 1986 पासून ‘मुक्तांगण’ आहे.

शेवटचं सांगणं यजमानांना. गटारी असो, एकतीस डिसेंबर असो, ‘आता बारीक झालायस, एक घेतल्यानं काय होतंय’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. अनेक जण, विशेषतः स्त्रिया, ही शस्त्रक्रिया लाजेपोटी कुणाला सांगत नाहीत. समोरच्याच्या पोटात काय बदललं आहे, हे आपल्याला माहीत नसतं. तेव्हा ‘नको’ ऐकलं की कारण विचारू नये, लिंबू सरबताचा पेला पुढे करावा आणि त्याला शेजारी बसवून घ्यावं.

पुढच्या वेळी आपण अनुमानाकडून शब्दप्रमाणाकडे वळू. आता काही शंका असतील तर विचारा. ज्यांना चारचौघांत विचारायचं नसेल त्यांनी नंतर थांबावं, आम्ही इथेच आहोत.