समुद्राला वेळ विचारून निघा!

दोस्तांनो, दिवाळीची सुट्टी जवळ आली की घराघरांत एकच विषय निघतो. "यंदा समुद्र बघायचा म्हणजे बघायचाच!" मग कुणीतरी वहीचं मागचं पान फाडून यादी करायला बसतं. गेटवे, राणीची बाग, घारापुरी, हाजी अली, जुहू, नेहरू विज्ञान केंद्र, डबलडेकर बस... यादी पंधरावर जाते. बाबा ती वाचतात आणि म्हणतात, "बघू!" या 'बघू'चा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच.

बाबांचंही चुकत नाही हं. अशा यादीने सहल होत नाही, नुसती धावपळ होते. म्हणून यंदा यादीऐवजी हिशेब घेऊन बाबांकडे जा. हिशेब तीनच आहेत: दिवसांचा, समुद्राचा आणि घरातल्या सर्वांत धाकट्या लेकराचा.

आधी दिवस मोजू. आजी-आजोबांच्या काळी हिंगोलीवरून छोट्या रुळांची गाडी जायची. रूळ मोठे झाले २००८ साली. आणि मार्च २०२४ पासून मुंबई-जालना जनशताब्दी थेट हिंगोलीपर्यंत येऊ लागली. वाटेत गाडी बदलायला नको, पेट्या उचलून पळायला नको. पण ही गाडी हिंगोलीहून पहाटे निघते आणि मुंबईला पोचेपर्यंत दुपार कलते. परतीलाही ती मुंबईहून दुपारी सुटते. म्हणजे चार दिवसांची सहल ठरली, तर मुंबईला खरे मिळतात दोनच दिवस! हे एकदा कागदावर मांडलं की यादीतली दहा नावं आपोआप गळतात.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख लवकर ठरवा. पाच वर्षांखालच्या बाळाला तिकीट लागत नाही, पण मग त्याला जागाही मिळत नाही. दिवसभर ते कुणाच्या मांडीवर बसणार, हे घरूनच ठरवून निघा! इगतपुरी आली की मात्र झोपलेल्यांना उठवा. तिथून गाडी कसाऱ्याचा घाट उतरते. बोगदा आला की अंधार, संपला की दरी. हा देखावा तिकिटातच मिळतो.

आता समुद्राचा हिशेब. हा खरा मजेचा.

आपण पाणी पाहिलंय ते येलदरीचं, सिद्धेश्वरचं, नाहीतर इसापूर धरणाचं. ते सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. तो दिवसातून दोनदा वर चढतो, दोनदा मागे हटतो. चढला की भरती, हटला की ओहोटी. हा सारा मुख्यतः चंद्राच्या ओढीचा खेळ. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तेवढ्यात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते.

कोकणातल्या लोकांनी यावर एक झकास हिशेब बसवलाय. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती! चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. घरात आजोबा असतील तर त्यांना विचारा, त्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केली असेल. हा अंदाज आहे, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो. तेव्हा नक्की वेळ मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायचीच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

याचा उपयोग काय? समजा, तुम्ही भाऊबीज आटोपून निघालात आणि चतुर्थीला सकाळी मुंबईत आहात. भरती दुपारी तीनला, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी! गिरगाव चौपाटीवर तेव्हा भरपूर वाळू मोकळी असते. किल्ले बांधा, शिंपले शोधा, वाळूच्या इवल्या गोळ्या करून ठेवणारे बारके खेकडे बघा. तीच मंडळी अष्टमीला संध्याकाळी सहाला गेली, तर वाळूची अरुंद पट्टी तेवढी मिळणार. हाजी अलीला जायची वाट तर भरतीच्या वेळी पाण्याखालीच जाते. आई-बाबांना सांगा: संध्याकाळी चौपाटीवर जायचं ही रीत आहे, पण समुद्र रीत पाळत नाही, तिथी पाळतो.

आता जरा कान देऊन ऐका. आपल्याकडे विहिरीत सूर मारणारे बहाद्दर पुष्कळ. पण विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्राची लाट परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते, उभा माणूस खाली बसतो आणि पुढची लाट त्याच्यावर येते. चांगले पोहणारे यात बुडालेले आहेत. लहान मुलांनी घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. मोठ्याने मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला, हात पोचेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं. तोंड समुद्राकडे, मोबाइल खिशात! मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या दगडांवर शेवाळ असतं, तिथं फोटोसाठीसुद्धा उतरू नका. पावसाळ्यात तर पाण्याजवळ नकोच. त्या दिवसांत निळे, डंख मारणारे जेलिफिशही किनाऱ्याला लागतात. आणि गिरगावचं पाणी पोहण्याइतकं स्वच्छ नाही, हेही मनात असू द्या.

तिसरा हिशेब धाकट्याचा. तो दुपारी झोपतो ना? मग मुंबईतही झोपणार. त्याची झोप मोडून पाहिलेलं संग्रहालय कुणाच्याच लक्षात राहत नाही, रडणं तेवढं राहतं. म्हणून एका दिवशी एकच मोठी गोष्ट. पोचल्या दिवशी फक्त मरीन ड्राइव्हवर बसून सूर्यास्त बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटी, दुपारी झोप, संध्याकाळी बेस्टच्या नव्या वातानुकूलित डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर पहिली जागा पकडायची. जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. तिसऱ्या दिवशी घारापुरी किंवा राणीची बाग, दोन्ही नाही. घारापुरीला गेटवेवरून लाँचने जायला तासभर, यायला तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या. कडेवरचं मूल असेल तर माझं मत राणीच्या बागेला. तिथं पेंग्विन आहेत. वार मात्र बघा: घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. तारापोरवाला मत्स्यालयाचं वर्णन आत्याकडून ऐकलं असेल, पण ते गेली काही वर्षं बंद आहे.

उतरायचं कुठे? ठाण्या-डोंबिवलीला काका-मामा असतील तर आनंदच, पण लोकलची गर्दी ओळखून. सकाळी गर्दी मुंबईकडे येते, संध्याकाळी उलट जाते. लेकरं घेऊन निघायचं ते अकरानंतर, परतायचं ते पाचच्या आत. मग सकाळची चौपाटी हुकते, म्हणून जमल्यास एक रात्र तरी स्टेशनजवळ मुक्काम करा. लोकलमधून चुकून एकटे उतरलात किंवा आतच राहिलात, तर काय करायचं ते आधी ठरवा: फलाटावर राहिलेल्याने जागचं हलायचं नाही, गाडीतल्याने पुढच्या स्टेशनात उतरून तिथंच थांबायचं. प्रत्येक मुलाच्या खिशात आई-बाबांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८ आणि रेल्वेचा १३९ पाठच करा.

चौथ्या दिवशी गाडी दुपारी, तेव्हा स्टेशनात थोडं आधी जा आणि इमारतच बघा. १८८८ साली पूर्ण झालेलं हे स्थानक २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथंच जवळ असलेल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली होती.

आणि हो, शिंपले-शंख पिशवीत भरण्याआधी पाच मिनिटं वर्तमानपत्रावर पसरून ठेवा. एखादा शंख चालू लागला, तर आत खेकडा राहतोय! त्याला होता तिथं ठेवून या. हिंगोलीपर्यंत तो जगत नाही, आणि नाशिक यायच्या आत डब्यात जो वास सुटतो, त्यावर शेजारचे काका काय बोलतील ते इथं छापता येणार नाही.