पडद्यावरची बाई आणि रांगेतली बाई

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणारी रांग आम्ही पाहतो. तीत गावोगावहून आलेल्या बाया असतात. दर्शन झाले की त्या शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांपाशी थांबतात, चार पाने चाळतात, पुस्तक पिशवीत घालतात. घरी येऊन दूरचित्रवाणी लावावी, तर दिसते ती बहुधा नुसती गर्दी. पुस्तक निवडणारी बाई कॅमेऱ्याला क्वचितच सापडते. असे का व्हावे?

थोडे मागे जाऊ. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ची अस्पृश्य नायिका शेवटी आगगाडीखाली प्राण देते. १९५९ च्या ‘सुजाता’तली नायिका आपले रक्त देऊन पालक आईला वाचवते, तेव्हा कुठे ती त्या घरची मुलगी ठरते. हेतू दोन्ही चित्रपटांचा चांगलाच होता. परंतु माणूस ठरण्यासाठी एकीला प्राण, दुसरीला रक्त मोजावे लागले. भूमिका केल्या देविकाराणी व नूतन यांनी. जिची कथा, ती ना लेखणीपाशी होती, ना पडद्यावर.

हा दोष एकट्या आपल्या देशाचा नव्हे. अमेरिकेत हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला १९४० साली ऑस्कर मिळाले, ते मोलकरणीच्या भूमिकेबद्दल. आणि त्याच समारंभात तिला बसवले वेगळ्या टेबलाशी.

मग फरक पडतो कशाने? शांताबाई कांबळे यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे आत्मकथन स्वतः लिहिले. त्यावरून १९९० साली मुंबई दूरदर्शनने ‘नाजुका’ ही मालिका दाखवली. महार घरातली मुलगी शिकते, मास्तरीण होते, दुसऱ्यांना शिकवते. येथे तिला कोणाच्या दयेसाठी मरावे लागत नाही. लेखणी तिच्या हाती आली, तशी कथा बदलली.

आजच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये गरिबाघरची मुलगी गायला उभी राहिली, की आधी तिच्या धुणीभांडी करणाऱ्या आईचे अश्रू दाखवतात, मग तिचा आवाज ऐकवतात. आईच्या कष्टांना कमीपणा नाही. परंतु अश्रूंचा धंदा होऊ नये.

परळ-लालबागच्या गिरणगावाने एक धडा शिकवला आहे: मजुरीचा दर ठरवताना मजूर बैठकीत नसेल, तर दर मालकाचाच ठरतो. चित्राचेही तसेच. म्हणून आमची मागणी साधी आहे. कथा लिहिणाऱ्यांत, कॅमेरा धरणाऱ्यांत आणि काय कापायचे ते ठरवणाऱ्यांत या बायांच्या मुली असाव्यात. नावासह आणि पुऱ्या मोबदल्यासह.

आणि श्रोतेहो, पुढच्या ६ डिसेंबरला आपण स्वतः त्या दुकानांपाशी जाऊन उभे राहा. ती बाई कोणते पुस्तक घेते, ते पाहा.