ओवी, अभंग, आलेलुया: मराठी ख्रिस्ती स्तुतिगीते

• आलेलुया: मूळ हिब्रू. अर्थ, ‘याहची (परमेश्वराची) स्तुती करा’. होसान्ना मात्र मुळात जयघोष नाही. ‘तार, आम्ही विनवतो’ असा धावा आहे.

• स्तोत्रसंहिता: बायबलच्या जुन्या करारातील १५० स्तोत्रे. ज्यू आणि ख्रिस्ती, दोन्ही उपासनांचा आधार. सगळी आनंदाची नाहीत, विलापाचीही पुष्कळ.

• ख्रिस्तपुराण (१६१६): गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध महाकाव्य. सुमारे ११,००० ओव्या. भाषा मराठी, पण छपाई रोमन लिपीत. पहिल्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली काढली.

• रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९): बाप्तिस्मा १८९५, मुंबई. त्याआधी मराठी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच होती. टिळकांनी अभंग आणि भजनाचा बाज आणला. ‘अभंगांजली’ त्यांचीच. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुरे केले पत्नी लक्ष्मीबाईंनी, होय, ‘स्मृतिचित्रे’कर्त्याच.

• उपासना संगीत: मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचे गीतपुस्तक. टिळकांची आणि कृष्णराव सांगळे यांची अनेक गीते यात आहेत.

• ख्रिस्ती कीर्तन: पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, पेटी, तबला; आख्यान येशूचे. अहमदनगर हे जुने केंद्र.

• मिस्सा की उपासना? कॅथलिकांची मिस्सा, प्रोटेस्टंटांची उपासना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि मिस्सा मराठीतही होऊ लागली.