परतीची चौकट

परदेशी शिकणाऱ्या मुलाने सुटीत घरी येणे आणि सुटी संपताच विद्यापीठात परतणे, ही घरच्यांच्या लेखी तिकिटाची आणि बॅगेच्या वजनाची बाब असते. जपानच्या बाबतीत मात्र ती आधी कायद्याची बाब असून, परत जाता येईल की नाही याचा निकाल पुष्कळदा घरून निघताना नव्हे, तर जपान सोडतानाच लागून गेलेला असतो. दादरा-नगर हवेलीतील सिल्वासासारख्या गावी, जेथून आगगाडी पकडायची तर वापी गाठावे लागते आणि परदेशी विमानासाठी बहुधा मुंबई गाठावी लागते, ही गोष्ट उशिरा कळणे विशेष महागात पडते. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने तेथील विद्यापीठांच्या मोठ्या सुट्या साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबर आणि फेब्रुवारी-मार्च अशा पडतात, म्हणजे मुलगा घरी येतो तो दमणगंगा पावसाने भरलेली असताना, नाही तर थंडी सरता सरता.

पहिल्या प्रवेशाची रीत निराळी आहे. विद्यार्थ्याच्या वतीने त्याची जपानी शिक्षणसंस्था तेथील इमिग्रेशन कार्यालयाकडून निवासपात्रतेचे प्रमाणपत्र मिळवते, ज्याला विद्यार्थी नुसते ‘सीओई’ म्हणतात आणि ज्याची मुदत एरवी तीन महिन्यांची असते. त्याच्या आधारे मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासातून, ज्याच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र, गुजरात व गोव्याबरोबर दादरा-नगर हवेलीही येते, व्हिसा मिळतो. व्हिसा आणि राहण्याचा परवाना हे बोलताना एकच समजले जातात, पण जपानी कायद्यात व्हिसाचे काम विमानतळावर उतरताच संपते, आणि पुढचा सारा मुक्काम ‘झाइऱ्यू कार्ड’ या २०१२ पासून लागू झालेल्या निवास-ओळखपत्रावर चालतो.

हे कार्ड असलेला विद्यार्थी सुटीसाठी निघतो तेव्हा विमानतळावर त्याला एक लहानसा कागद भरावा लागतो. आपण तात्पुरते बाहेर जात असून परत येणार आहोत, अशा अर्थाच्या वाक्याशेजारी त्यात एक बारीक चौकट असते. तीत खूण करून पासपोर्ट आणि कार्ड दाखवले की पुनःप्रवेशाचा परवाना मिळाला असे धरले जाते. जपानीत याला ‘मिनाशी साइन्यूकोकु क्योका’ म्हणतात, आणि त्यातील ‘मिनाशी’ला मराठीत ‘मानीव’ हा अगदी नेमका शब्द आहे, जो गृहनिर्माण संस्थांच्या मानीव अभिहस्तांतरणामुळे एव्हाना घरोघरी पोचला आहे: परवाना कोणी हातात दिलेला नसतो, तो दिला आहे असे मानायचे असते. चौकट कोरी राहिली आणि दुसरा परवानाही घेतलेला नसला, तर देश सोडताच निवासाचा दर्जा संपतो, आणि मग नवी सीओई, नवा व्हिसा, सारे पहिल्यापासून. झोपेत भरलेल्या एका कागदावर सत्र अवलंबून असावे, ही व्यवस्था सोयीची म्हणावी की निष्ठुर, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर ठरेल.

मानीव परवान्याची मुदत एक वर्ष किंवा कार्डाची मुदत, यांपैकी जी आधी संपेल ती, आणि ती परदेशातून वाढवून मिळत नाही. घरी आजारपण आहे, मुक्काम लांबण्याची शक्यता आहे, अशा वेळी जपान सोडण्यापूर्वीच इमिग्रेशन कार्यालयातून रीतसर परवाना घेणे शहाणपणाचे, कारण सबळ कारण असल्यास तो परदेशातील जपानी दूतावासातून वाढवून मागता येतो.

हा मानीव हक्कही किती कच्चा आहे, हे कोविडच्या काळात दिसले. एप्रिल २०२० पासून जपानने देशामागून देशांना दारे बंद केली आणि २७ मे रोजी त्या यादीत भारत आला, तेव्हा सुटीत घरी आलेले कार्डधारक विद्यार्थीही बाहेरच अडकले. सप्टेंबर २०२० पासून त्यांना परतण्याची मुभा मिळाली खरी, पण दूतावासाचे वेगळे पत्र आणि निघण्यापूर्वीच्या ७२ तासांतील चाचणीचा दाखला यांसह. आणि मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेमुळे भारतातून येणाऱ्या कार्डधारकांनाही पुन्हा मज्जाव झाला. पहिल्यांदाच निघालेल्यांचे हाल याहून अधिक होते. त्यांच्यासाठी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी किलकिले झालेले दार ओमायक्रॉनमुळे त्याच महिन्याच्या ३० तारखेला मिटले व १ मार्च २०२२ रोजी उघडले, तोवर जगभर सुमारे दीड लाख विद्यार्थी ताटकळत होते. जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे असल्याने तेथील सकाळी नऊचा ऑनलाइन तास येथे पहाटे साडेपाचला भरे, आणि ज्या विद्यापीठाचा उंबरठाही ओलांडला नाही त्याची पहिली सत्रे अशी उजाडण्यापूर्वी, घरच्या खोलीत दार लोटून पार पडत.

मराठी मुलांचे जपानला जाणे जुने आहे आणि त्याचा रस्ता बहुधा पुण्यातील जपानी भाषेच्या वर्गांतून जातो. परदेशी विद्यार्थ्यांसाठीची जपान सरकारची शिष्यवृत्ती, जिला अजूनही ‘मोंबुशो’ या जुन्या नावाने ओळखतात, १९५४ साली सुरू झाली. योगायोग असा की दादरा-नगर हवेलीतील पोर्तुगीज अंमल संपला तोही त्याच वर्षी. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक १९९७ मध्ये विद्यार्थी म्हणून जपानला गेले, २००१ मध्ये नोकरीसाठी पुन्हा गेले, पुढे तेथील नागरिक झाले आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. आता तर जपान स्वतःच दाराशी आले आहे, कारण जपानी सहकार्याने होणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गापैकी चार किलोमीटर दादरा-नगर हवेलीतून जातात.

शिक्षण संपवून तेथेच नोकरी धरणाऱ्याची परत जाण्याची कथा शेवटच्या वर्षी पालटते. पदवीदान मार्चअखेर आणि नव्या कर्मचाऱ्यांचे रुजू होणे १ एप्रिलला, असा जपानी कंपन्यांचा शिरस्ता असल्यामुळे विद्यार्थ्याचा दर्जा बदलून नोकरदाराचा करून घेण्याचे काम त्याआधीच्या हिवाळ्यातच करावे लागते. अर्ज पडून असताना घरी येऊन जाण्यास बंदी नसली, तरी नवे कार्ड घेताना मात्र जपानमध्ये असावेच लागते. फेब्रुवारी-मार्चच्या त्या सुटीत म्हणून सिल्वासाच्या घरी मुलगा येतो तो बहुधा फोनच्या पडद्यावरच.