डॅकमधली खरखर: दोष यंत्राचा की तारेचा?

भिवंडीच्या काल्हेर, माणकोली, पूर्णा भागातल्या गोदामांतून मुंबई-ठाण्याकडे रोज असंख्य खोकी निघतात. कपडे, भांडी, मोबाइल यांच्या जोडीला त्यात घरी गाणी ऐकण्यासाठी मागवलेला डॅकही असतो. डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर हे त्याचे पूर्ण नाव. फोन किंवा लॅपटॉपमधले गाणे म्हणजे नुसते आकडे असतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला प्रत्येक बाजूसाठी ४४,१०० आकडे आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा. या आकड्यांपासून स्पीकरला समजेल असा चढता-उतरता विद्युतदाब तयार करणे, एवढेच डॅकचे काम. ते बहुतेक डॅक उत्तम करतात. अडचण येते ती आकडे डॅकपर्यंत पोहोचण्यात, म्हणजे यूएसबीच्या त्या वीतभर किंवा हातभर केबलमध्ये आणि तिच्या दोन टोकांना.

डॅक बिघडला असे वाटून तो परत पाठवणारे पुष्कळ आहेत. पण बिघाड कशा प्रकारचा आहे ते नीट पाहिले, तर तो कुठे आहे हे बरेचसे कळते. डॅक संगणकाला दिसतच नाही, दिसतो पण आवाज येत नाही, गाण्यात मधूनच टक् होते, किंवा मागे सतत घुमणारा आवाज राहतो. या चार तक्रारी चार वेगळ्या ठिकाणी जन्मतात.

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६चे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी ते मिळून आणले. त्यामागच्या इंटेलच्या गटात अग्रभागी होते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट. साध्या यूएसबीत तारा चारच: एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि माहितीच्या दोन, डी-प्लस व डी-मायनस. डॅक जोडला की तो १.५ किलोओहमच्या रोधातून डी-प्लस तार ३.३ व्होल्टकडे ओढतो. कोणीतरी आले, हे संगणकाला त्यावरून समजते. मग संगणक त्याला रिसेट करतो, ओळख विचारतो, १ ते १२७ मधला एक क्रमांक देतो. डॅक सांगतो की मी ध्वनीचे उपकरण आहे, इतक्या किलोहर्ट्झपर्यंत चालतो, मला इतकी वीज लागते. हा परिचय पूर्ण होईपर्यंत त्याला १०० मिलिअँपिअरच वापरण्याची मुभा असते.

डॅकचा दिवा लागतो पण संगणकाला तो दिसत नाही, या तक्रारीचे मूळ याच परिचयात असते. अनेकदा कारण अगदी साधे निघते: केबल नुसती चार्जिंगची असते. तिच्यात माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर घेता येतात, तीच केबल लावून पाहणे ही सर्वांत पहिली आणि फुकटची चाचणी. विंडोजवर ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असा संदेश आला, तर डॅक जोडल्याचे कळले पण ओळख विचारल्यावर नीट उत्तर आले नाही, असा अर्थ घ्यावा. तिथे केबल, पिन आणि पोर्ट यांच्यावर संशय आधी घ्यायचा.

भिवंडीत पिनेकडे जरा जास्तच लक्ष द्यावे लागते. जिथे घराखाली किंवा भिंतीपलीकडे लूम चालतात तिथे हवेत सुताचे बारीक तंतू असतात. टाइप-सी पोर्टच्या अरुंद खाचेत ते जातात, आणि दर वेळी पिन खोचताना आत दाबले जाऊन घट्ट थर बनतो. पिन पूर्ण बसत नाही, धक्का लागला की संबंध तुटतो. उपकरण बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने तो थर काढला की कित्येक ‘बिघडलेले’ पोर्ट पुन्हा चालू लागतात. टाचणी किंवा सुई मात्र वापरू नये. आतल्या पट्ट्या वाकतात.

टाइप-सीचा आणखी एक घोळ ओळखून ठेवण्याजोगा आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर समोर उपकरण आहे याची खात्री पटल्याशिवाय संगणक वीज सोडत नाही. ही खात्री डॅकमधल्या ५.१ किलोओहमच्या रोधांवरून पटते. खर्च वाचवण्यासाठी काही स्वस्त डॅकमध्ये हे रोध घातलेले नसतात. असा डॅक जुन्या चपट्या पिनेच्या केबलने उत्तम चालतो आणि सी-ते-सी केबलने मेल्यासारखा पडून राहतो. काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये तर ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरचे यूएसबी उपकरण जोडण्याची सोय, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे लागते, आणि वापर नसला की काही मिनिटांत ते आपोआप बंद होते. तिथे डॅक निर्दोष असतो.

विजेचा हिशोबही करून पाहावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. स्वस्त केबलमधली २८ गेजची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध करते. केबल २ मीटरची असेल तर जाऊन-येऊन ४ मीटर, म्हणजे ०.८५ ओहम. पूर्ण भार घेतला की वाटेतच ०.४ व्होल्टहून अधिक दाब हरवतो आणि ५ व्होल्टचे साडेचारच्या आसपास उरतात. हेडफोनचा आवाज वाढवताच डॅक बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर कारण बहुधा हेच. आखूड, जाड तारेची केबल किंवा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब एवढ्याने काम भागते.

डॅक दिसतो पण आवाज नाही, ही तक्रार बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची असते. यूएसबी ध्वनीची पहिली पद्धत १२ मेगाबिटच्या वेगासाठी होती. तिच्यात दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १०२३ बाइट जातात. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन बाजू यांना ५७६ बाइट लागतात, ते मावतात. १९२ किलोहर्ट्झला ११५२ लागतात, ते मावत नाहीत. म्हणून २००६मध्ये दुसरी आवृत्ती आली. मॅकने आणि लिनक्सने ती २०१०च्या सुमारास स्वीकारली. विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर थेट आला तो २०१७मध्ये, विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीत. त्याआधीचे विंडोज असेल तर निर्मात्याचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय वरच्या दर्जाचा डॅक बोलत नाही.

आता टक् आवाजाकडे. छपाईसाठी फाइल पाठवताना माहितीचे एखादे पुडके खराब झाले तर यूएसबी ते पुन्हा मागवते. ध्वनीच्या बाबतीत तसे होत नाही. पुडके खराब झाल्याचे तपासणीत कळते, पण ते परत पाठवायला वेळच नसतो. यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो आणि कापड वाचते. यूएसबीवरचे गाणे थांबत नाही, तुटलेल्या जागेसकट पुढे जाते. ती तुटलेली जागा म्हणजेच टक्.

ही जागा शोधायला तानपुऱ्याइतके चांगले साधन नाही. ढोलकी-ताशाच्या गजरात बारीकशी टक् लपून जाते. तानपुऱ्याच्या अखंड सुरात ती लपू शकत नाही. दहा मिनिटांचे तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण लावावे आणि टक् ठरावीक अंतराने येते की कशीही, एवढेच लक्ष देऊन ऐकावे.

ठरावीक अंतराने येत असेल, तर ती घड्याळांची गडबड असण्याची शक्यता मोठी. संगणकाचे आणि डॅकचे घड्याळ हुबेहूब सारखे नसते. दहा लाखांत शंभराचा फरक असला, तरी ४८ किलोहर्ट्झवर दर सेकंदाला जवळजवळ पाच आकड्यांची तफावत साठत जाते. चांगला डॅक संगणकाला सतत सांगत राहतो की थोडे जास्त पाठव, थोडे कमी पाठव. या पद्धतीला असिंक्रोनस म्हणतात, आणि डॅक घेताना बाकी कशाहूनही आधी हे एक वैशिष्ट्य पाहावे.

ब्राउझर उघडला किंवा फाइल उतरवायला घेतली की टक् होते, तर संगणकाला वेळेवर पुडकी पाठवणे जमत नाही. प्लेअरचा बफर वाढवावा, डॅक हबमधून काढून थेट पोर्टला लावावा. रास्पबेरी पायवर संगीत ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की मॉडेल ३पर्यंत त्यातली नेटवर्कची केबल आणि सर्व यूएसबी पोर्ट एकाच वाटेने जात. २०१९च्या मॉडेल ४पासून ती वाट वेगळी झाली.

आणि फ्रिज बंद झाला, ट्यूबलाइट लावली, शेजारच्या लूमचा स्टार्टर पडला की टक् होते, तर कारण विजेतच आहे. मोटारीचा प्रवाह तोडताना संपर्कात ठिणगी पडते आणि काही नॅनोसेकंदांत चढणाऱ्या स्पंदांचा झोत तारांमधून पसरतो. जलद यूएसबीत एक बिट जेमतेम दोन नॅनोसेकंदांचा असतो; एवढ्या अवधीत चढणारा स्पंद त्याला सहज बिघडवतो. झोत जोराचा असेल तर आख्खा पोर्ट बंद पडतो. लिनक्सच्या नोंदींत हबने पोर्ट बंद केला, पुन्हा सुरू करतो आहे, अशा अर्थाची ओळ दिसते आणि तिच्यात ‘ईएमआय’ (विद्युतचुंबकीय व्यत्यय) ही अक्षरे प्रश्नचिन्हासह छापलेली असतात. लिनक्सवाल्या श्रोत्याने ही ओळ जरूर शोधावी. ती सापडली तर डॅकवरचा संशय बराच दूर होतो. मीटरभराच्या आतली, नीट आवरण असलेली केबल, तिच्यावर फेराइटची कडी आणि स्टार्टरच्या बोर्डापासून दूर जोडणी एवढे उपाय पुरतात. हजारो रुपयांच्या ‘ऑडिओफाइल’ यूएसबी केबलची गरज नाही; मानकात बसणारी साधी केबल तेच आकडे तितक्याच अचूकपणे पोहोचवते.

राहिला घुमणारा आवाज. ५० किंवा १०० हर्ट्झचा हा सूर बहुधा ग्राउंडच्या फेऱ्यातून येतो. लॅपटॉपचा चार्जर एका जागी अर्थला जोडलेला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या जागी, आणि दोघांना जोडणारी तार डॅकमधून जाणारी; दोन अर्थमधल्या दाबाच्या फरकाने त्या तारेतून प्रवाह वाहतो आणि तो ऐकू येतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. सूर गेला तर निदान पक्के. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल आणि संगणकात किंवा टीव्हीत तशी सोय असेल तर ते वापरावे, कारण प्रकाशाच्या तारेतून वीज जात नाही. यूएसबी आयसोलेटरही मिळतात, पण स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटपुरतेच असतात. त्यांच्यामागे १९२ किलोहर्ट्झ मिळणार नाही.

एक उपाय मात्र कोणीही करू नये. सूर घालवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कापणे किंवा काढून टाकणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर तो विजेचा धक्का अडवायला ती पिनच असते.

भिवंडीतली वीजवितरणाची व्यवस्था जानेवारी २००७मध्ये टोरंट पॉवरकडे गेली, पण मीटरनंतरची वायरिंग घरमालकाचीच जबाबदारी राहते. तीन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉप लावलेला असतानाही त्याच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर त्या घराचे अर्थिंग तुटलेले असण्याची दाट शक्यता आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध आणखी वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत त्यासाठीच आहे. डॅक परत पाठवण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग एकदा मोजून घ्यावे.