२४६ किलोंचा इल्या

जिममध्ये जरा सीरियस असलेल्या पोरांच्या मोबाइलवर हा व्हिडिओ हमखास सापडतो. डिसेंबर २०१५, चेचन्यातलं ग्रोझ्नी शहर, प्रेसिडेंट्स कप. कझाकस्तानचा इल्या इलिन बार खांद्यावर घेऊन उभा राहतो आणि बघता बघता २४६ किलो डोक्यावर! म्हणजे तीन धडधाकट माणसं, एकावर एक. आपण डेडलिफ्टला शंभर लावले की लगेच फोटो काढतो, ते आठवून जरा लाजायलाच होतं.

इल्या १९८८ चा, क्झिलओर्दाचा. आपण बारावीच्या क्लासेसना जात असतो त्या वयात, २००५ मध्ये, हा पठ्ठ्या दोह्यात वर्ल्ड चॅम्पियन झाला. २००६ मध्ये पुन्हा. २००८ ला बीजिंगमध्ये ऑलिंपिक गोल्ड. २०११ ला पॅरिस, आणि मग लंडन २०१२. तिथे ९४ किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये २३३, एकूण ४१८, दोन्ही वर्ल्ड रेकॉर्ड. २०१४ मध्ये घरच्या अल्माटीत, वरच्या वजन गटात, चौथं जगज्जेतेपद. सीनियर वर्ल्ड्स किंवा ऑलिंपिकला उतरला आणि हरला, असं तोवर झालंच नव्हतं.

आणि मग २०१६.

ऑलिंपिकमधली सॅम्पल्स फेकून देत नाहीत, वर्षानुवर्षं जपून ठेवतात. स्टेरॉइड शरीरातून गेलं तरी त्याचे बारीक अंश मागे राहतात आणि नव्या चाचण्या ते पकडू लागल्या. जुन्या बाटल्या पुन्हा उघडल्या. इल्याच्या बीजिंग आणि लंडन, दोन्ही सॅम्पल्समध्ये स्टॅनोझोलॉल सापडलं. लंडनच्या सॅम्पलमध्ये तर ट्युरिनाबॉलसुद्धा. त्याच वर्षी दोन्ही गोल्ड गेली. लंडनमध्ये कझाकस्तानने वेटलिफ्टिंगची चार गोल्ड जिंकली होती, चारही गेली. तेव्हा एकट्या इल्याला व्हिलन ठरवून मोकळं व्हायला मी काही तयार नाही.

पण खरी गंमत, गंमत कसली म्हणा, पुढे आहे. लंडनच्या त्या गटातले पहिले चारही जण बाद झाले. पाचवा आलेला इराणचा सईद मोहम्मदपूर गोल्ड मेडलिस्ट ठरला. आठवा आलेला कोरियाचा किम मिन-जे सिल्व्हर. ब्राँझ कुणाला? नववा आलेल्या पोलंडच्या तोमाश झेलिन्स्कीला! आणि हा झेलिन्स्की रिओत स्वतःच डोपिंगमध्ये पकडला जाऊन घरी परतला होता. बोला आता!

इल्याचा तो व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही. २४६ किलो खोटे नव्हते, बार खरंच वर गेला होता. फक्त परवा लंडनचा निकाल काढून बसले, तेव्हा नजर पाचव्या ओळीवर अडकली. सईद मोहम्मदपूर, ४०२ किलो. ऑलिंपिकचं सोनं त्या संध्याकाळी त्याचं होतं, आणि पोडियमवर तिघे दुसरेच उभे होते.