वेश पात्राचा, घाम आपला

नर्मदेकाठचे मणिबेली ज्या अक्कलकुवा तालुक्यात आहे, तिथली काठी गावची होळी सर्वदूर प्रसिद्ध आहे. व्रत घेतलेले पुरुष डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालतात, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधतात, उघड्या अंगावर राखेची नक्षी काढतात. ढोलाच्या तालावर रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. कमरेला एवढे ओझे असूनही हा वेश शरीराला झेपतो. त्यामागे साधे शास्त्र आहे : नाच रात्री असतो आणि पाठ, छाती, हात उघडे असतात. आलेला घाम हवेत उडून जातो.

वेश घेण्याची हौस नव्या पिढीतही आहे, फक्त पात्रे बदलली आहेत. जपानी कार्टून किंवा गेममधल्या पात्रासारखे सजणे म्हणजे ‘कॉस्प्ले’. मुंबई-पुण्यात त्याचे मेळावे भरतात आणि अनेक जण फोटोंसाठी थेट समुद्रकिनारा गाठतात. त्यातला एक लोकप्रिय पोशाख ‘लोलिता’ शैलीचा. घंटेसारखा फुगीर झगा, आत जाळीच्या अनेक थरांचा पेटीकोट, बंद गळ्याचा ब्लाऊज, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्यावर विग. फोटोत देखणा दिसणारा हा पोशाख दमट किनाऱ्यावर भर दुपारी घातला, तर शरीराची कसोटी लागते.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीरही साधारण 100 वॅटच्या बल्बइतकी उष्णता सतत तयार करत असते. ती बाहेर गेली नाही, तर शरीराचे तापमान 37 अंशांच्या वर चढू लागते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल, तर बरीचशी उष्णता आपोआप हवेत जाते. हवेचे तापमान 35 अंशांच्या आसपास पोहोचले की मात्र भिस्त घामावर राहते. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे साडेसात लिटर पाणी उकळीला येईल! पण अट एकच, घामाची वाफ झाली पाहिजे. निथळून गेलेला घाम फक्त शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा देत नाही.

नंदुरबार, धुळे, जळगावची मंडळी इथेच फसतात. ‘आम्ही 42 अंशांत वाढलो, किनाऱ्यावरच्या 33 अंशांचे काय?’ असे त्यांना वाटते. पण खानदेशातला उन्हाळा कोरडा, तिथे घाम झटकन उडतो. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान 40 अंशांची अट ठेवतो, तर किनारपट्टीवर 37 अंशांची. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर इथे उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने 10 हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरात चाळिशीही गाठली गेली नव्हती.

त्यात पोशाखाचे थर आले की अंगाभोवती दमट हवेचा एक कप्पाच तयार होतो. समुद्रावरचा वारा आतपर्यंत पोहोचत नाही. असे झगे बहुधा पॉलिस्टरचे असतात. सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा शोषतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पाठीवरची दोरी करकचून आवळली असेल, तर खोल श्वास घेणेही अवघड होते.

म्हणून हौस सोडायची का? मुळीच नाही. वेळ बदलावी. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ किंवा मावळतीचे ऊन सर्वांत बरे, फोटोही तेव्हाच चांगले येतात. आत पातळ सुती कपडा घालावा. पूर्ण पोशाख किनाऱ्यावर पोहोचल्यावरच चढवावा. दहा-पंधरा मिनिटे फोटो काढून सावलीत यावे, विग उतरवावा, दोरी सैल करावी. तहानेची वाट न पाहता पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घोट घोट घ्यावे. फुगीर झगा घालून लाटांत शिरू नये. पाण्याचा ओढा कापडाला धरून माणसाला खेचतो आणि बाहेर येताना भिजलेले थर कित्येक किलोंचे झालेले असतात.

सोबत एक माणूस फक्त लक्ष ठेवायला असावा. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायात गोळे ही थांबण्याची खूण. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. ‘अजून घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज चुकीचा आहे, घामाने चिंब माणसालाही तो होतो. लगेच 108 ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन पोशाख सैल करावा, गरज पडल्यास कापून काढावा. अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा, मानेवर, काखेत, जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

महागड्या झग्याला कात्री लावताना हात अडखळतो. पण त्या क्षणी पोशाखापेक्षा त्यातला माणूस वाचवायचा असतो, हे सोबतच्याने आधीच मनाशी पक्के करून ठेवावे.